विद्यार्थ्यांसाठी खोली शोधणारी वेबप्रणाली : नकाशा झाला, पण खोली अजून रिकामी आहे हे कसं कळणार?

पायवाट (धागालेखक)

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं शेवटच्या वर्षाला आहोत. प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांना भाड्याच्या खोल्या शोधून देणारी वेबप्रणाली बांधतोय. विषय आम्ही मागून घेतला, कारण आमच्यातल्या एकीने प्रवेश झाल्यावरचे पहिले कित्येक आठवडे नातेवाइकांकडे बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकून काढले होते. दिवसा तास, संध्याकाळी जाहिरातींना फोन. उत्तरं ठरलेली: "गेली", "कालच दिली", "ती जाहिरात जुनी आहे हो".

आतापर्यंतचं काम असं. मागची बाजू जँगोत (पायथनमधली वेब-चौकट), डेटाबेस पोस्टग्रेस आणि त्यावर ठिकाणं-अंतरं हाताळणारं पोस्टजीआयएस, नकाशा दाखवायला लीफलेट आणि ओपनस्ट्रीटमॅपचा खुला नकाशा. घरमालक जाहिरात टाकतो, विद्यार्थी भाडं, अंतर, सोयी यांच्या चाळण्या लावतो, नकाशावर खुणा उमटतात. दिसायला चांगलं झालंय.

मग चाचणीसाठी जमवलेल्या जाहिरातींना आम्ही स्वतःच फोन लावून पाहिले. पहिल्या तिन्ही खोल्या गेलेल्या. मैत्रीण काही बोलली नाही, पण मला फार वाईट वाटलं. जो त्रास संपवायला निघालो होतो तोच आम्ही नकाशावर रंगवून ठेवला होता.

म्हणून इथे विचारतोय. शिळ्या जाहिरातींचं काय करायचं? खोट्या कशा ओळखायच्या? घराचं नेमकं ठिकाण सगळ्यांना दाखवावं का? आणि मार्गदर्शकांना रूममेट जुळवणारा अल्गोरिदम हवाच आहे, त्याबद्दलही कुणी अनुभवाचं सांगितलं तर बरं होईल.

उंबरठा

चांगला विषय घेतलात. आधी एक विचारतो: तुमच्या डेटाबेसमध्ये खोली रिकामी आहे की नाही हे कसं साठवलंय?

पायवाट

खोलीच्या तक्त्यात "उपलब्ध" नावाचा रकाना आहे. हो किंवा नाही.

उंबरठा

तिथेच गोम आहे. खोली "रिकामी" हा तिचा गुण नाही, तो काळाचा तुकडा आहे. आज भरलेली खोली पुढच्या महिन्यात मोकळी होणार असते, आज मोकळी असलेली कुणीतरी पंधरा दिवसांनंतरसाठी बोलून ठेवलेली असते. हो-नाहीच्या रकान्यात यातलं काहीच मावत नाही. तो रकाना कुणीतरी आठवणीने बदलावा लागतो, आणि माणसं विसरतात.

वास्तव्याचा वेगळा तक्ता करा. खोली, कोण, आणि कधीपासून कधीपर्यंत. पोस्टग्रेसमध्ये तारखांच्या पल्ल्याचा प्रकारच आहे, डेटरेंज, ९.२ आवृत्तीपासून. त्यावर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावा: खोली तीच आणि पल्ले एकमेकांवर चढतायत, तर नोंद नाकार. त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागेल. पल्ल्याचं शेवटचं टोक उघडं ठेवा, सोडण्याचा दिवस पल्ल्यात धरू नका, म्हणजे पहिला ज्या दिवशी सोडतो त्याच दिवशी दुसरा राहायला येऊ शकतो. टोक बंद ठेवलंत तर एका दिवसासाठी नोंद अडेल आणि तुम्ही रात्रभर चूक शोधत बसाल.

ही अट डेटाबेसमध्येच हवी, जँगोच्या कोडमध्ये नको. दोन विद्यार्थ्यांनी एकाच क्षणी "माझ्यासाठी ठेवा" दाबलं, की दोघांचाही कोड आधी तपासतो, दोघांनाही मोकळी दिसते आणि दोघांच्याही नोंदी होतात. प्रवेशाच्या दिवसांत हे हमखास घडतं. त्यातल्या एकाला सामान घेऊन दारातून परत जावं लागतं.

आणखी एक. इमारत, खोली आणि खोलीतली जागा असे तीन थर वेगळे करा. दोघांच्या खोलीतली एकच जागा मोकळी असणं ही विद्यार्थ्यांच्या जगातली सगळ्यात नेहमीची गोष्ट, आणि संपूर्ण घर भाड्याने देणाऱ्या प्रणालींची नक्कल केली की नेमकी तीच मांडता येत नाही.

पायवाट

हे सगळं आज रात्रीच बदलायला घेतो. आमच्याकडे खोली हाच सगळ्यात लहान घटक होता. दोघांच्या खोलीसाठी आम्ही दोन खोट्या खोल्या दाखवल्या होत्या.

दोनखोल्या

मी संगणकातली नाही. माझ्या घरातल्या दोन खोल्या मी विद्यार्थ्यांना देते, बरीच वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही म्हणून मालकांची बाजू सांगते.

मुलांना वाटतं की मालक मुद्दाम जाहिरात काढत नाहीत. तसं नसतं बाळा. खोली दिली, अनामत हातात आली, की माझ्यापुरतं काम संपलं. त्यानंतर पुन्हा पासवर्ड आठवायचा, आत शिरायचं, ते पान शोधायचं आणि जाहिरात बंद करायची, हे कुणासाठी करायचं? माझ्या पदरात काय पडतं? उलट एका ठिकाणी जाहिरात काढली तर पुढच्या वेळी सगळं पुन्हा भरावं लागलं होतं, फोटोंसकट. तेव्हापासून मी काढतच नाही. फोन येत राहतात, मी "गेली" म्हणत राहते. तुमच्या मैत्रिणीसारख्या किती जणींना मी असं सांगितलं असेल, हे आज पहिल्यांदा मनात आलं.

मला सोपं काही दिलंत तर मी करेन. फोनवर विचारा, मी एका बोटाने सांगेन. पासवर्ड मात्र मागू नका.

पायवाट

काकू, तुमच्या प्रतिसादाने आमच्या निम्म्या गृहीतकांना सुरुंग लागला. आम्ही मालकांसाठी मोठा डॅशबोर्ड बनवत होतो, आलेख वगैरे. तो बाजूला ठेवतो. असं केलं तर? दर काही दिवसांनी मालकाला ईमेल किंवा संदेश जाईल, त्यात एक दुवा असेल. दुवा उघडला की खोली अजून रिकामी आहे असं आम्ही धरू. पासवर्ड नाही, काही नाही.

निरोप्या

थांबा, इथे ठेच लागेल. मी ईमेल पाठवणाऱ्या प्रणालींवर काम करतो. बऱ्याच संस्थांमध्ये आलेल्या पत्रातले दुवे माणसाच्या आधी सुरक्षेचं सॉफ्टवेअर उघडून पाहतं. संदेशांच्या अ‍ॅपमध्येही दुव्याची झलक दाखवण्यासाठी पान आपोआप आणलं जातं. म्हणजे मालकाने पत्र पाहिलंसुद्धा नसेल आणि तुमच्याकडे नोंद होईल की त्याने दुजोरा दिला. शिळी जाहिरात ताजी म्हणून मिरवेल, आणि ते आत्तापेक्षा वाईट.

वेबचा जुना नियम आहे: दुवा उघडला की ब्राउझर गेट विनंती पाठवतो, तिने काही बदलू नये, ती फक्त वाचण्यासाठी. बदल पोस्ट विनंतीने, जी बटण दाबल्यावर जाते. एका टिचकीत वर्गणी रद्द करण्याचं २०१७ चं मानक, आरएफसी ८०५८, याच कारणासाठी पोस्ट वापरतं. तुमच्या दुव्यावर एक छोटं पान उघडू द्या, त्यावर दोनच मोठी बटणं: "अजून रिकामी आहे" आणि "दिली". बटण दाबल्यावरच नोंद. दुव्यातला संकेत लांब आणि यादृच्छिक ठेवा, तो एकाच जाहिरातीपुरता आणि ठराविक मुदतीपुरता चालेल असा. "दिली" दाबलं तरी जाहिरात पुसू नका, फोटोंसकट झाकून ठेवा. काकूंना पुढच्या वेळी फक्त तारीख टाकायची राहील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मौनाचा अर्थ ठरवा. बहुतेक ठिकाणी मालक गप्प म्हणजे जाहिरात चालू. तुम्ही उलट करा. मालक गप्प राहिला तर जाहिरात खाली सरकते, मग झाकली जाते. विद्यार्थ्याला प्रत्येक खोलीशेजारी "मालकाने २ दिवसांपूर्वी दुजोरा दिला" असं दिसू दे. शोधाच्या क्रमवारीत भाड्याइतकंच वजन या ताजेपणाला द्या.

टेकडीपलीकडे

+१. विद्यार्थ्यांकडूनही माहिती घ्या. ज्याने फोन केला आणि "गेली" ऐकलं त्याला तसं नोंदवायची सोय द्या. दोघातिघांनी सांगितलं की जाहिरात आपोआप झाकायची.

उंबरठा

आपोआप झाकू नका. खोली आवडलेला विद्यार्थी स्वतःच "गेली" असं दोन खात्यांवरून नोंदवेल, म्हणजे दुसरं कुणी फोन करणार नाही. हा लबाडपणा वाटतो, पण राहायला जागा नसलेला माणूस घाबरलेला असतो, त्याच्या हातून असं होतं. विद्यार्थ्याच्या नोंदीने फक्त मालकाला लगेच प्रश्न जावा. उत्तर मालकाचंच.

किल्ल्यांचा जुडगा

मी एका विद्यापीठाच्या निवास विभागात काम करतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना बाहेरच्या खोल्यांची यादी देणं हे माझं काम. यादी कागदावर होती, मग तक्त्यात आली, पण शिळेपणाचा त्रास तोच राहिला. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, हंगाम. या कामाला वर्षभराची सरासरी लागू होत नाही. प्रवेशाच्या दिवसांत खोली सकाळी लागते आणि दुपारी जाते. तेव्हा आठवड्याने विचारलंत तर काही उपयोग नाही. बाकीच्या महिन्यांत दर दोन दिवसांनी विचारलंत तर मालक वैतागून तुमचे संदेशच बंद करेल. ठराविक दिवस धरू नका, त्या जाहिरातीकडे किती जण बघतायत त्यावर विचारण्याचा वेग ठरवा. गर्दी वाढली की लवकर विचारा.

दुसरी गोष्ट मला समजायला फार उशीर लागला. खोली रिकामी होणार ही बातमी सगळ्यात आधी कुणाला कळते? मालकाला नाही. आत राहणाऱ्या विद्यार्थ्याला कळते. शेवटची परीक्षा कधी, नोकरीवर रुजू कधी व्हायचं, पुढच्या सत्रात मित्रांबरोबर घर घ्यायचं ठरलंय का, हे त्याला दोन-तीन महिने आधी माहीत असतं. मालकाला तो नियमाप्रमाणे जेवढं आधी कळवावं लागतं तेवढंच आधी सांगतो. मालक मग जाहिरात टाकतो, तोवर नवे विद्यार्थी शोधून थकलेले असतात.

आम्ही शेवटी वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांनाच विचारू लागलो: "खोली कधी सोडणार?" एवढा एकच प्रश्न. तेव्हापासून आमची यादी पहिल्यांदा पुढच्या तारखांची झाली. उंबरठा यांनी सांगितलेला तारखांचा तक्ता इथे कामाला येईल. रिकामी खोली शोधायची नाहीच, रिकामी होणारी तारीख शोधायची.

एक काळजी मात्र घ्या. विद्यार्थ्याने सांगितलेली तारीख त्याने मालकाला कळवण्याआधी जाहिरातीत दिसू देऊ नका. मालकाला ते बाहेरून कळलं तर त्या मुलाचे शेवटचे महिने अवघड होतात. अनामत परत मिळण्याची वेळही तीच असते.

पायवाट

सर, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. आम्ही विद्यार्थ्याकडे फक्त शोधणारा म्हणून बघत होतो. मैत्रीण म्हणाली, "मला तेव्हा खोली सोडणारी मुलगी भेटली असती तर मालकापर्यंत जायची वेळच आली नसती." तिला शेवटी खोली मिळाली तीही अशीच, प्रयोगशाळेत शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडून.

एकदा पोळलेला

शिळ्या जाहिरातीत वेळ जातो, खोट्या जाहिरातीत पैसा. माझा गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

मी दुसऱ्या गावाहून शोधत होतो, बघायला जाणं शक्य नव्हतं. जाहिरात एका मोठ्या संकेतस्थळावर होती. भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा थोडंसं कमी, फार नाही, संशय येण्याइतकं नाही. मालक म्हणाले, ते परदेशात आहेत, किल्ली कुरिअरने पाठवतील, पण मागणी खूप आहे म्हणून अनामत आधी. भाडेकराराचा मसुदा पाठवला, ओळखपत्राची प्रत पाठवली. दोन्ही दुसऱ्या कुणाची तरी. घर खरं होतं, फोटो खरे होते, पत्ता खरा होता. त्या घरात गेली कित्येक वर्षं एक कुटुंब राहत होतं. दाराची घंटा वाजवली तेव्हा एक आजी बाहेर आल्या, त्यांनी पाणी दिलं आणि सांगितलं की या महिन्यात आलेला मी दुसरा.

त्या संकेतस्थळावर जाहिरातीशेजारी हिरवी खूण होती. मला वाटलं घर तपासलंय. तपासला होता फक्त फोन नंबर. म्हणून हात जोडून सांगतो, "प्रमाणित" हा शब्द मोघम वापरू नका. जे तपासलं तेच लिहा: "फोन नंबर तपासला", "आमचा माणूस घर पाहून आला", "इथे आधी राहिलेल्या विद्यार्थ्याने दुजोरा दिला". काहीच तपासलं नसेल तर तसंही लिहा.

इशाऱ्याची जागाही महत्त्वाची. नियमांच्या पानावर लिहिलेला इशारा मी वाचला नव्हता. संभाषणात पहिल्यांदा पैसे पाठवण्याचा विषय निघतो, तिथे त्या ओळीखालीच दिसला असता तर कदाचित थांबलो असतो.

टेकडीपलीकडे

वाचून कसंतरी झालं. फोटो चोरीला गेलेत का हे काही अंशी यंत्राने ओळखता येतं. प्रत्येक फोटो लहान करून राखाडी करायचा, नऊ बाय आठ ठिपक्यांचा, आणि शेजारच्या ठिपक्यांत कोण जास्त उजळ ते एकेका बिटात लिहायचं. चौसष्ट बिटांचा ठसा तयार होतो. फोटोचा आकार बदलला, दर्जा घसरला तरी ठसा जवळपास तोच राहतो. नव्या फोटोचा ठसा जुन्यांशी ताडायचा, थोड्याच बिटांचा फरक असेल तर माणसाने बघायचं. तोच फोटो दोन वेगळ्या पत्त्यांवर आला की धोक्याची घंटा. मात्र फोटो आरशासारखा उलटवला तर हा ठसा फसतो, म्हणून उलट्या प्रतीचा ठसाही ठेवा.

दुसरं, फोनने काढलेल्या फोटोत एक्झिफ नावाची आपोआप साठवलेली माहिती असते, त्यात कधीकधी घराचे नेमके अक्षांश-रेखांश असतात. लोकांना दाखवण्याआधी ती काढून टाका. पण आधी फोटोची दिशा सांगणारी खूण वाचून चित्र प्रत्यक्ष फिरवून घ्या, नाहीतर अर्ध्या खोल्या आडव्या दिसतील.

रेखांश

ठिकाणाच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. नेमकं ठिकाण उघड दाखवू नका. एकट्या राहणाऱ्या मुलीची खोली अमुक इमारतीत अमुक तारखेपासून आहे, हे साऱ्या जगाला सांगायची गरज नाही. अंदाजे वर्तुळ दाखवा, पत्ता दोघांचं बोलणं झाल्यावर मालकाने द्यावा.

पण वर्तुळ काढण्यात दोन चुका हमखास होतात. एक, पान उघडताना दर वेळी नवं यादृच्छिक अंतर सरकवणं. कुणी शंभर वेळा पान उघडून सगळ्या बिंदूंची सरासरी काढली की खरं घर मधोमध सापडतं. सरकवलेला बिंदू एकदाच ठरवा आणि साठवून ठेवा. दोन, वर्तुळ अंदाजे दाखवायचं आणि शेजारी खऱ्या घरापासूनचं अंतर मीटरमध्ये लिहायचं. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून अंतर विचारलं की तीन वर्तुळं एका बिंदूत छेदतात. २०१४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी टिंडर या डेटिंग अ‍ॅपवरच्या माणसांचं ठिकाण असंच शोधता येतं हे दाखवून दिलं होतं. अंतरही त्या सरकवलेल्या बिंदूपासूनच मोजा आणि ढोबळ सांगा.

जाता जाता: लीफलेटला आधी अक्षांश लागतो, जिओजेसन (ठिकाणांच्या माहितीचं फाइल-स्वरूप) आणि पोस्टजीआयएसला आधी रेखांश. खुणा भलत्याच खंडात दिसल्या तर आधी हे तपासा. "इतक्या अंतराच्या आत" असा शोध पोस्टजीआयएसच्या एसटी-डीविदिन या फंक्शननेच करा, ते इंडेक्स (आधी बांधून ठेवलेली सूची) वापरतं. एसटी-डिस्टन्सने अंतर काढून तुलना केलीत तर प्रत्येक खोलीचं अंतर मोजत बसेल. आणि पत्त्यावरून अक्षांश-रेखांश देणारी नॉमिनॅटिमची फुकट सेवा सेकंदाला एकच विनंती चालवून घेते, टंकताना पत्ता सुचवायला ती वापरणं तर नियमातच बसत नाही. त्यासाठी स्वतःची प्रत चालवा.

पायवाट

अंतराबद्दल अजून एक. आम्ही सरळ रेषेतलं अंतर दाखवतोय, पण मध्ये नदी असली की ते निरर्थक ठरतं. काय करावं?

रेखांश

अंतर सोडा, वेळ दाखवा. विद्यार्थ्याला किलोमीटर नकोत, सकाळच्या तासाला पोचायला किती वाजता निघावं लागेल ते हवंय. ज्या ठिकाणच्या बस-रेल्वेचं वेळापत्रक जीटीएफएस या संगणकाला वाचता येणाऱ्या प्रमाण स्वरूपात मिळतं तिथे हे करता येतं.

युक्ती अशी की महाविद्यालयं थोडी, खोल्या पुष्कळ. प्रत्येक खोलीपासून मार्ग शोधू नका. महाविद्यालयापासून उलट्या दिशेने एकदाच डायक्स्ट्रा (सगळ्यात कमी वेळाचा मार्ग शोधणारा अल्गोरिदम) चालवा, सगळ्या थांब्यांपर्यंतच्या वेळा एका फटक्यात मिळतात. त्या साठवा. नंतर खोलीसाठी फक्त जवळच्या थांब्यापर्यंतचं चालणं मिळवायचं.

आणि परतीचीही वेळ दाखवा. ग्रंथालय बंद झाल्यावर शेवटची गाडी मिळते की नाही, यावर खोली घ्यायची की नाही हे ठरतं. जीटीएफएसमध्ये मध्यरात्रीनंतरच्या फेऱ्या २५:३५:०० अशा लिहिलेल्या असतात, आदल्या दिवसाच्या सेवेचा भाग म्हणून. वेळेच्या नेहमीच्या प्रकारात त्या मावत नाहीत. नवखे लोक त्या चुकीच्या समजून गाळतात आणि रात्रीची शेवटची गाडीच गायब होते.

कानांनी वाचणारा

मी दृष्टिहीन आहे, संगणक स्क्रीन रीडरने वापरतो. मागच्या वर्षी खोली शोधताना मित्राला शेजारी बसवावं लागलं, कारण खोल्या फक्त नकाशावरच्या खुणांमध्ये होत्या. माझ्या कानाला नुसतं "चित्र, चित्र, चित्र" ऐकू यायचं.

तुम्ही वरती वेळेबद्दल जे म्हणताय ते शब्दांत लिहिलंत तर मला नकाशाची गरजच नाही. "महाविद्यालयापर्यंत बसने २५ मिनिटं, थांबा ४ मिनिटांवर, वाटेत एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो." साधी यादी, प्रत्येक खोलीला मथळा, चाळण्यांना नावं, आणि निकाल बदलले की किती खोल्या उरल्या ते सांगणारी एक ओळ. पायऱ्या, लिफ्ट, दाराची रुंदी यांचे रकानेही ठेवा. चाकाच्या खुर्चीवरच्या माझ्या मैत्रिणीला प्रत्येक मालकाला फोनवर तेच विचारावं लागतं.

पायवाट

मनापासून आभार. यादी हे मुख्य पान करतो आणि नकाशा तिच्या जोडीला ठेवतो. तयार झालं की तुम्ही वापरून बघाल का?

कानांनी वाचणारा

नक्की. दुवा द्या.

चौथा गडी

रूममेट जुळवणीवर थोडं. मार्गदर्शकांना अल्गोरिदम हवाय म्हणून गेल आणि शॅप्ली यांची १९६२ ची जुळणीची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. ती दोन वेगळ्या गटांसाठी आहे, विद्यार्थी आणि महाविद्यालयं अशा. तिथे स्थिर जुळणी, म्हणजे आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावंसं वाटणारे दोघं जिच्यात नसतात अशी, नेहमी सापडते. रूममेटमध्ये गट एकच, आणि तिथे स्थिर जुळणी कधीकधी नसतेच. चौघं घ्या. अ ला सर्वांत आधी ब हवा, मग क. ब ला क, मग अ. क ला अ, मग ब. ड सगळ्यांच्या यादीत शेवटी. आता कुणीही ड बरोबर राहिला तरी उरलेल्या दोघांपैकी एकाला तोच हवा असतो, आणि ड ला सोडून तो जायला तयार असतो. जोड्या फिरत राहतात, थांबत नाहीत. स्थिर जुळणी असेल तर ती शोधणारी आणि नसेल तर तसं सांगणारी पद्धत रॉबर्ट आयर्विंग यांनी १९८५ मध्ये दिली. प्रकल्पात ती लिहा, तोंडी परीक्षेत सांगायला भरपूर आहे.

पण प्रत्यक्षात कुणी शंभर अनोळखी माणसांची क्रमवारी लावून देत नाही. माणसं भांडतात ती मोजक्या गोष्टींवरून: रात्री दिवा किती वाजता बंद, पाहुणे, स्वच्छता, धूम्रपान. तेवढं विचारा, त्यातलं कुठलं अजिबात चालणार नाही तेही विचारा, आणि जुळणारे चार-पाच जण दाखवून बोलायचं त्यांच्यावर सोपवा.

काय विचारायचं नाही याचाही विचार करा. अमेरिकेत रूममेट्स डॉट कॉम या संकेतस्थळावर भेदभावाच्या आरोपावरून खटला झाला होता. लिंग, लैंगिक कल, मुलं आहेत का, हे प्रश्न भरल्याशिवाय तिथे पुढे जाता येत नव्हतं. २००८ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की लोकांनी मोकळ्या चौकटीत स्वतः लिहिलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळाला संरक्षण आहे, पण असे सक्तीचे प्रश्न त्याने स्वतः घडवले, त्याला ते संरक्षण नाही. पुढे २०१२ मध्ये निकाल संकेतस्थळाच्या बाजूने गेला, कारण घर वाटून घेणाऱ्या जोडीदाराची निवड घरांच्या बाबतीत भेदभावाला मनाई करणाऱ्या तिथल्या कायद्याच्या कक्षेत येत नाही असं न्यायालय म्हणालं. मला त्यातला पहिला मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. चाळणीत एखादा पर्याय ठेवणं म्हणजे तसा भेद करायला तुम्ही हातात साधन देणं. तो रकाना ठेवायचा की नाही, हे ठरवणारे तुम्ही असता.

टेकडीपलीकडे

अभिप्रायांबद्दल एकच सुचवतो. विद्यार्थी आणि मालक दोघांचे अभिप्राय एकाच वेळी उघडा. एकाने आधी लिहिलेलं दुसऱ्याला दिसलं तर दुसरा सूड तरी घेतो नाहीतर घाबरून गोड लिहितो. एअरबीएनबीने २०१४ पासून असंच केलंय, दोघांनी लिहिलं की किंवा चौदा दिवसांची मुदत संपली की.

एकदा पोळलेला

अनामत परत मिळाली का, हा प्रश्न अभिप्रायात वेगळा विचारा. तारे नकोत, हो किंवा नाही.

पायवाट

मंडळी, दोन आठवड्यांनी परत आलोय.

हो-नाहीचा रकाना गेला. आता जागा, वास्तव्य आणि तारखा आहेत. एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावल्यावर आमच्याच चाचणीच्या नोंदींमध्ये एकावर एक चढलेली वास्तव्यं निघाली, म्हणजे जुन्या रचनेत ती गुपचूप बसली होती. दुजोऱ्याचं पान दोन बटणांचं झालं. प्रत्येक खोलीखाली काय तपासलंय ते पूर्ण वाक्यात लिहितोय. प्रवासाची वेळ अजून फक्त चालण्याची दाखवतो, वेळापत्रकाचं काम चालू आहे. रूममेट जुळवणी मार्गदर्शकांशी बोलून पुढे ढकलली. आयर्विंग यांची पद्धत अहवालात असेल, पण वापरात आधी चार प्रश्नच.

निवास विभागातल्या सरांनी सांगितलेला प्रश्न पहिल्याच पानावर घेतला. तिथे आता दोन दारं आहेत: "खोली हवी आहे" आणि "खोली सोडणार आहे". दुसऱ्या दारातून आलेल्याला विचारतो की मालकाला सांगितलंय का. नाही म्हणाला तर तारीख फक्त त्याच्यापाशी राहते, आम्ही आठवण तेवढी करतो.

त्या दारातून पहिली नोंद मैत्रिणीने केली. परीक्षेनंतर ती खोली सोडणार आहे. मालकाशी बोलली, त्यांनी दोन बटणांतलं पहिलं दाबलं. प्रणालीतली ती पहिली खरी खोली.

किल्ल्यांचा जुडगा

आमच्या यादीतल्या विद्यार्थ्यांना विचारून त्यांच्यापर्यंत दुवा पोचवतो. प्रवेशाला अजून वेळ आहे, हीच योग्य वेळ.

दोनखोल्या

मलाही पाठवा. धाकट्या खोलीतली मुलगी या सत्रानंतर जाणार आहे असं वाटतंय, पण तिने मला सांगितलेलं नाही. मी विचारणार नाही. दुवा तिलाच देते, तिचं तिला ठरवू दे.